आपद्ग्रस्तांची तात्पुरती शहरी घरे: मोजणीपासून वसाहत मोडण्यापर्यंत

पूर, भूकंप, दरड किंवा इमारत कोसळणे यांमुळे शहरातील कुटुंबे बेघर होतात, तेव्हा पहिले काही दिवस महापालिकेची शाळा, मंगल कार्यालय किंवा समाजमंदिर उपयोगी पडते. परंतु शाळा पुन्हा भरवावी लागते, कार्यालयाच्या तारखा आधीच दिलेल्या असतात आणि पडलेल्या घराची पुनर्बांधणी मात्र कागदावरही आलेली नसते. या मधल्या काळासाठी, म्हणजे साधारण सहा महिने ते तीन वर्षे, जी घरे लागतात त्यांचा आराखडा कसा करावा हे या लेखात क्रमाने मांडले आहे. महापालिका व नगरपरिषदांतील अभियंते, वास्तुविशारद, स्वयंसेवी संस्था आणि प्रभागातले कार्यकर्ते यांना तो उपयोगी पडावा अशी अपेक्षा आहे.

अशा कामात चर्चेचा बहुतेक वेळ भिंत कशाची करावी या प्रश्नावर जातो. माझ्या मते जागा, शेजार आणि परतीची वाट यांविषयीचे निर्णय त्याआधी व्हायला हवेत, कारण घर गळत असेल तर पत्रा बदलता येतो, पण चुकीच्या जागी नेऊन वसवलेली माणसे पुन्हा हलवता येत नाहीत.

पहिली पायरी: कोणाला, किती काळासाठी

माणसांची नव्हे, कुटुंबांची मोजणी करावी आणि ती काळानुसार तीन गटांत विभागावी. सांगलीत इर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तरीही पाण्याखाली गेलेल्या पक्क्या घरांपैकी बरीच घरे चिखल काढून, वीजजोडणी तपासून काही आठवड्यांत पुन्हा राहण्याजोगी होतात. अशा कुटुंबांना नवे घर देण्यापेक्षा साफसफाई, दुरुस्ती आणि निर्जंतुकीकरणासाठी तातडीने मदत देणे अधिक हिताचे असते. ज्यांचे घर पडले किंवा धोकादायक ठरले, पण जागा शाबूत आहे, त्यांचा दुसरा गट. दरडीखाली जागाच गेली, त्यांचा तिसरा. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, त्यानंतर वाचलेल्या कुटुंबांना कंटेनरच्या घरांत ठेवावे लागले, कारण त्यांच्यासाठी नवी जमीन शोधून वसाहत बांधायची होती. या गटाचा मुक्काम सर्वांत लांबतो, म्हणून त्यांच्या घरांचा दर्जाही सर्वांत वरचा असला पाहिजे.

मोजणीच्या तक्त्यात सदस्यांची वये, गरोदर स्त्रिया, अपंगत्व, नियमित औषधे, मुलांची शाळा, कमावत्यांचे कामाचे ठिकाण, घरी चालणारा व्यवसाय आणि मूळचे शेजारी कोण होते, हे सर्व नोंदवावे. शेवटचा रकाना बहुतेक तक्त्यांत नसतो; पुढे वाटप करताना त्याचीच सर्वाधिक गरज भासते. भाडेकरू, पागडीवाले, पोटभाडेकरू आणि झोपडीत पुराव्याविना राहणारे यांनाही यादीत घेतले पाहिजे, कारण नुकसानभरपाई मालकाच्या नावे निघाली तरी डोक्यावरचे छप्पर त्या जागेत प्रत्यक्ष राहणाऱ्याचे गेलेले असते.

दुसरी पायरी: बांधण्याआधी रिकामी घरे शोधावीत

मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर जपानने सुमारे ५३ हजार तात्पुरती घरे बांधली, आणि त्याहून अधिक कुटुंबांना सरकारने भाड्याने घेतलेल्या खासगी घरांत ठेवले. शहरात हा मार्ग सर्वांत जलद असतो. आपल्याकडे महापालिकेने स्वतः ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार करावा, अनामत रक्कम स्वतः भरावी आणि कुटुंबाला थेट किल्ली द्यावी. केवळ भाड्याची रक्कम कुटुंबाच्या खात्यात जमा केली, तर एकाच वेळी शेकडो कुटुंबे बाजारात उतरतात, भाडी चढतात, आणि ज्यांना जात, धर्म किंवा व्यवसाय पाहून घर नाकारले जाते ती कुटुंबे तशीच उघड्यावर राहतात.

या मार्गाची उणीव अशी की माणसे शहरभर विखुरतात आणि मदत, सूचना, वैद्यकीय तपासणी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून भाड्याच्या घरांत गेलेल्या दर पन्नासेक कुटुंबांमागे एक संपर्क कार्यकर्ता नेमावा. या सोयीत न बसणाऱ्या कुटुंबांसाठीच पुढच्या पायऱ्या आहेत.

तिसरी पायरी: जागा

१७ जानेवारी १९९५ च्या भूकंपानंतर जपानमधील कोबे शहर आणि परिसरात सुमारे ४८,३०० तात्पुरती घरे अवघ्या सात महिन्यांत उभी राहिली. बांधकाम म्हणून ती कामगिरी थक्क करणारी होती. मात्र मोकळी जमीन उपनगरांत आणि समुद्रात भर टाकून केलेल्या बेटांवर मिळाली, आणि घरांचे वाटप सोडतीने झाले, त्यात वृद्ध व अपंगांना प्राधान्य होते. हेतू दयेचाच होता, पण परिणाम असा झाला की वृद्ध माणसे आपला डॉक्टर, दुकानदार आणि शेजार सोडून अनोळखी वृद्धांच्या रांगांत जाऊन पडली. या वसाहतींत दोनशेहून अधिक माणसे एकाकी अवस्थेत मरण पावली. काहींचा मृत्यू अनेक दिवस कोणाच्या लक्षातही आला नाही. शेवटचे कुटुंब बाहेर पडायला जानेवारी २००० उजाडला. ऑक्टोबर २००४ मध्ये जपानच्याच चुएत्सु भागात भूकंप झाला, तेव्हा यामाकोशी गावाला नागाओका शहरात हलवताना वाडीनिहाय गट एकत्र ठेवण्यात आले. आराखडा करणाऱ्याने ही दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

त्यावरून जागेची पहिली कसोटी ठरते: जुन्या वस्तीत पायी वीस-पंचवीस मिनिटांत पोहोचता आले पाहिजे. मुलांची शाळा बदलू नये, कामावरची बस तीच राहावी आणि पडलेल्या घराच्या ढिगाऱ्यावर लक्ष ठेवता यावे. मेक्सिको शहरात १९८५ च्या भूकंपानंतर पुनर्बांधणी चालू असताना अनेक कुटुंबे आपल्या जुन्या वाड्यांजवळच, रस्त्यांवर उभारलेल्या तात्पुरत्या घरांत राहिली. त्यांच्या नजरेसमोर काम चालल्यामुळे त्यावर त्यांचा वचकही राहिला. गल्ली तात्पुरती बंद करणे वाहतूक शाखेला आवडणार नाही, पण हा पर्याय विचारात घ्यावाच.

दुसरी कसोटी सुरक्षिततेची. पाटबंधारे खात्याच्या नकाशांवर निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. लाल रेषेच्या आत तात्पुरती वसाहत करू नये. एका पुराने विस्थापित झालेल्या माणसाला दुसऱ्या पुरात ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. नाल्याचा काठ, डोंगराचा कापलेला उतार, उच्चदाब वाहिनीखालचा पट्टा आणि कचरा डेपोची शेजारची जमीन बाद करावी. अशाच जमिनी सर्वांत लवकर देऊ केल्या जातात, त्यामुळे नकार लेखी आणि कारणासह द्यावा.

या जागांची यादी आपत्तीच्या आधी तयार असणे हे खरे काम आहे. प्रत्येक प्रभागातील मैदाने, बंद गिरण्या, एसटीच्या मोकळ्या जागा, रिकाम्या शासकीय इमारती यांची मालकी, क्षेत्रफळ, पाणी, मलवाहिनी आणि रोहित्राचे (ट्रान्सफॉर्मरचे) अंतर यांची नोंद दर वर्षी मे महिन्यात अद्ययावत करावी. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ६५ नुसार बचावकार्यासाठी जागा ताब्यात घेता येते. दोन-तीन वर्षांच्या मुक्कामासाठी मात्र जमीनमालकाशी मुदतीचा करारच हवा, आणि त्याचा मसुदा आधीच लिहून ठेवता येतो.

चौथी पायरी: क्षेत्रफळाचा हिशेब

मानवतावादी मदतीचे स्फिअर मानक सांगते की छपराखाली दरडोई किमान ३.५ चौरस मीटर जागा असावी. घरातच स्वयंपाक आणि स्नान होत असेल तर ४.५ ते ५.५. रस्ते, शौचालये आणि मोकळी जागा धरून वसाहतीसाठी दरडोई ४५ चौरस मीटर, आणि काही सोयी वसाहतीबाहेर मिळत असतील तर ३० चौरस मीटर धरावेत. आता शिवाजी पार्कचे उदाहरण घेऊ. साधारण २८ एकरांचे, म्हणजे सुमारे १,१३,००० चौरस मीटरांचे हे मैदान ४५ च्या हिशेबाने जेमतेम २,५०० माणसांना पुरेल. दाट शहरात एकमजली छावणीचा विचार सोडून द्यावा लागतो, तो यासाठी.

समजा १२० कुटुंबे, ५४० माणसे आणि दीड एकराचे, म्हणजे सुमारे ६,००० चौरस मीटरांचे मैदान आहे. प्रत्येक कुटुंबाला २५ चौरस मीटर, आणि सज्जा, जिना धरून ३५, तर एकूण ४,२०० चौरस मीटर बांधकाम लागेल. तळमजला अधिक दोन मजले केल्यास जमिनीवर १,४०० चौरस मीटर व्यापले जातात आणि उरलेल्या ४,६०० मध्ये रस्ते, टाक्या, अंगण आणि मुलांचे खेळणे बसते. दरडोई जागा केवळ ११ चौरस मीटर पडते, म्हणून शाळा, दवाखाना, बाजार आणि बाग आसपास असल्याची खातरजमा केल्याशिवाय ही घनता स्वीकारू नये. लिफ्टविना दोन मजल्यांच्या वर जाऊ नये. वृद्ध, अपंग आणि गरोदर स्त्रियांच्या कुटुंबांना तळमजला द्यावा, पण त्यांच्या शेजाऱ्यांसह.

जपानमधील ओनागावा येथे २०११ नंतर सपाट जमीनच उरली नव्हती, तेव्हा शिगेरू बान या वास्तुविशारदाने बेसबॉलच्या मैदानावर वीस फुटी कंटेनर बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे एकाआड एक रचून तीन मजल्यांपर्यंत घरे उभी केली. दोन कंटेनरांमधल्या पोकळीत प्रकाश येणारी मोठी खोली मिळाली. नुसते डबे चिकटून लावण्यापेक्षा ही रचना कितीतरी सुखाची आहे.

पाचवी पायरी: घराचा नकाशा आणि सामग्री

३.६ मीटर रुंद आणि ७ मीटर खोल हा माप-संच सोयीचा पडतो. पुढे दीड मीटरचा सज्जा, मग राहण्याची खोली, तिच्यामागे ओटा, आणि सर्वांत मागे मोरी व शौचालय अशी मांडणी केली की सर्व मजल्यांचे नळ आणि मलवाहिन्या एकाखाली एक येतात. पुढचे दार आणि मागची खिडकी समोरासमोर असली पाहिजे. वारा आरपार गेला नाही तर कोणतीही भिंत घर थंड ठेवू शकत नाही. दोन मीटर उंचीचा एक आडोसा आणि त्याला जाड पडदा एवढ्याने नवरा-बायकोला किंवा अभ्यास करणाऱ्या मुलीला थोडा एकांत मिळतो. माळा जरूर द्यावा, कारण वाचवून आणलेल्या भांड्यांना, गाद्यांना आणि ट्रंकांना जागा नसेल तर २५ चौरस मीटरांतले पाच जातात. मोठ्या कुटुंबासाठी शेजारच्या दोन घरांमधले एक पॅनेल काढता येईल असे ठेवावे. एकट्या माणसांना लहान घर चालते, पण त्यांची वेगळी रांग करू नये.

सज्ज्यावर काटकसर करण्याचा मोह टाळावा, असे मी आग्रहाने सांगेन. मुंबईच्या चाळीत शेजारधर्म टिकला त्याला सामाईक सज्जाही कारण आहे: येता-जाता चौकशी होते, कोणाचे दार दुपारपर्यंत उघडले नाही हे लक्षात येते. कोबेच्या वसाहतींत सगळ्या रांगांची दारे एकाच दिशेला होती, त्यामुळे समोरच्याची पाठच दिसे. २०११ नंतर कामाइशी शहरातील हेइता येथे दारे समोरासमोर ठेवून मधल्या मार्गावर छप्पर आणि लाकडी ओटा करण्यात आला. आपल्याकडेही दोन इमारतींचे सज्जे एकाच अंगणावर उघडावेत.

सामग्रीचा विचार ऊन, पाऊस, वारा आणि आग या क्रमाने करावा. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत उभारलेले डांबरी पत्र्यांचे निवारे उन्हाळ्यात असह्य तापले आणि दिवसा माणसे बाहेर बसू लागली. विदर्भ-मराठवाड्यात तीच गत उघड्या पत्र्याची होते. पत्र्यावर सुमारे एक फूट पोकळी सोडून दुसरे हलके छप्पर घालणे, वरचा पृष्ठभाग पांढरा ठेवणे आणि खाली बांबूचटईची किंवा जिप्समची तक्तपोशी (आतले छत) लावणे, हे तिन्ही उपाय एकत्र करावेत. कोकणात छपराची पागोळी भिंतीपासून किमान ७५ सेंटिमीटर पुढे काढावी आणि खिडकीवर झडप द्यावी. जोते जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच हवे. वाऱ्यासाठी भारतीय मानकानुसार मुंबईत ४४ आणि पुण्यात ३९ मीटर प्रतिसेकंद हा मूळ वेग धरून आकडेमोड करावी. हलके घर वजनाने जागेवर राहत नाही, त्याला काँक्रीटच्या ठोकळ्यांशी बोल्टने जखडावे लागते.

पोर्टा केबिनमध्ये सर्रास वापरले जाणारे पफ पॅनेल (आत पॉलियुरेथेन फोम भरलेले) उष्णता चांगली अडवते, परंतु ते पेट घेते आणि विषारी धूर सोडते. जिथे रोज गॅस पेटणार आहे अशा रांगेतल्या घरांत रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली तंतुमय लोकर, भरलेले पॅनेल वापरावे. ते जळत नाही आणि शेजारचा आवाजही अडवते. मात्र ते भिजू देता कामा नये, म्हणून सांधे आणि खालची कड नीट बंद करावी. दोन घरांमधली भिंत तक्तपोशीपर्यंत न थांबवता छपराच्या पत्र्याला भिडवावी, नाहीतर आग माळ्यावरून पूर्ण रांगेत पसरते. वापरलेला मालवाहू कंटेनर घेतला तर आतली रुंदी सुमारे २.३५ मीटर मिळते, म्हणजे एक खाट टाकल्यावर चालायची वाटच उरते. दोन कंटेनर जोडले तरच ते कुटुंबाचे घर होते, आणि भिंत कापल्यावर चौकटीला लोखंडी आधार द्यावा लागतो. कारखान्यात तयार होणारी हलक्या पोलादी सांगाड्याची, बोल्टने जुळणारी घरे मला अधिक योग्य वाटतात, कारण ती उकलून पुन्हा उभारता येतात.

सहावी पायरी: पाणी, मैला, वीज

घरे उभी राहण्याआधी गटार आणि रस्ता झाला पाहिजे. उलटा क्रम लावला तर पहिल्याच पावसात चिखल होतो. दरडोई दररोज १५ लिटर हे तातडीच्या काळातले किमान मानक आहे. महिनोन्महिने राहणाऱ्या कुटुंबासाठी, नळपाणी आहे पण मलनिस्सारण व्यवस्था नाही अशा गावांना लावला जाणारा ७० लिटरांचा निकष धरावा. आपल्या ५४० माणसांना त्यानुसार रोज ३७,८०० लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या चार खेपा लागतात. साठवण दोन दिवसांची ठेवावी.

शक्य तिथे प्रत्येक घराला स्वतंत्र शौचालय द्यावे. सामाईक ठेवणे भाग पडले तर २० माणसांमागे एक, घरापासून ५० मीटरांच्या आत, चार कुटुंबांना एकेक कुलूप-किल्ली अशी विभागणी करावी; सर्वांचे शौचालय कोणीच धूत नाही. स्त्रियांच्या बाजूला आतून कडी, रात्रभर दिवा, सॅनिटरी पॅडसाठी झाकणाचा डबा आणि कपडे वाळत घालण्याची आडोशाची जागा या गोष्टी नकाशातच दाखवाव्यात. मलवाहिनी जवळ नसेल तर सेप्टिक टाकीपर्यंत मैला उपसणारा टँकर पोहोचेल असा रस्ता लागतो, आणि अग्निशमन बंबासाठी किमान एका बाजूने ६ मीटरांचा मार्ग कायम मोकळा ठेवावा. तेथे दुचाक्या लागणार नाहीत याची जबाबदारी एखाद्या माणसावर नावानिशी सोपवावी.

प्रत्येक घराला स्वतंत्र मीटर, जादा भार आल्यास वीज तोडणारी एमसीबी आणि गळती ओळखणारी आरसीसीबी हवी. सिलिंडरमधला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने ओट्याजवळ जमिनीलगत झरोका ठेवावा. उतारमार्ग एकास बारा या प्रमाणात करावा आणि त्याला दोन्ही बाजूंनी कठडा द्यावा.

सातवी पायरी: वाटप आणि पोट

सोडत काढायचीच असेल तर ती कुटुंबाची नव्हे, शेजारी-गटाची काढावी. एका वाड्यातली, गल्लीतली आठ-दहा कुटुंबे एकत्र नाव नोंदवतील आणि त्यांना एक मजला किंवा एक सज्जा मिळेल. तळमजल्याचा एक भाग शिलाई, पोळीभाजी, इस्त्री, दुरुस्तीची दुकाने यांसाठी राखावा. घरातूनच व्यवसाय करणाऱ्या बाईचे घर गेले की रोजगारही त्याच दिवशी जातो, आणि हा गाळा नसेल तर ती मदतीवरच अवलंबून राहते. अंगणवाडी, आठवड्यातून दोनदा येणारा डॉक्टर आणि टपाल पोहोचेल असा अधिकृत पत्ता या गोष्टी पहिल्या महिन्यातच झाल्या पाहिजेत.

आठवी पायरी: वसाहत मोडण्याची तयारी

हे काम पहिल्या दिवशी सुरू करावे. मुंबईत जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या, इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ मध्ये कायदा झाला. इमारत रिकामी करणाऱ्यांसाठी संक्रमण शिबिरे उभी राहिली, आणि त्यांतल्या काही कुटुंबांनी तेथेच दशके काढली. मुले तिथेच जन्मली आणि मोठी झाली. म्हणूनच दर पावसाळ्यात धोकादायक इमारतींतले रहिवासी नोटीस मिळूनही घर सोडत नाहीत. एकदा बाहेर पडलो की हक्क गेला, ही त्यांची भीती अनुभवातून आलेली आहे, आणि ती केवळ समजावून दूर होणार नाही.

त्यासाठी कुटुंबाने तात्पुरत्या घराची किल्ली घेताना त्याच वेळी, मूळ जागेचे मोजलेले क्षेत्रफळ, त्यावरील हक्काचा प्रकार आणि परत मिळण्याची मुदत लिहिलेले, अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्याचे प्रमाणपत्र त्याच्या हाती द्यावे. त्यात कुटुंबातील प्रौढ स्त्रीचे नावही असावे. पुनर्बांधणीची प्रगती दर तीन महिन्यांनी वसाहतीत लेखी लावावी आणि मुदत टळल्यास भाड्याची भरपाई कोण देणार हे करारातच नमूद करावे.

वापरून झालेल्या घरांचे काय करायचे, हेही तेव्हाच ठरते. एप्रिल १९०६ च्या भूकंपानंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या बागांत ५,६१० लाकडी खोपटी बांधण्यात आली. कुटुंबे महिन्याला दोन डॉलर भरत, ते पन्नास डॉलरांच्या किमतीत वळते होत, आणि बाग रिकामी करताना अनेकांनी आपले खोपटे घोड्यांच्या गाड्यांवर घालून स्वतःच्या भूखंडावर नेले. स्वतःची जागा शाबूत असलेल्या कुटुंबांना आपल्याकडेही सांगाडा आणि छप्पर देऊन टाकता येईल. उरलेले भाग उकलून, क्रमांक घालून, विभागीय गोदामात कोरड्या जागी ठेवावेत. पुरवठादाराच्या निविदेत उकलण्याचा, वाहतुकीचा आणि किमान तीनदा पुन्हा उभारता येण्याचा खर्च आधीच धरावा, आणि मैदान पूर्ववत करून देण्याची रक्कम वेगळी राखून ठेवावी. ती पुनर्बांधणीच्या वाढीव खर्चाकडे वळवता येणार नाही अशी अट मंजुरीच्या ठरावातच लिहावी.